रविवारी पोचलेला सोमवारचा मेल

१

सामानाच्या लिफ्टचा दोर तुटून लिफ्टच्या मिस्त्रीचा, त्याच्याच हाताखाली काम करणारा धाकटा भाऊ गेला, तो बुधवारी. 'दोर झिजलाय, लिफ्ट चालवू नये' असा मेल मिस्त्रीच्या नावाने लिहिला गेला होता त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी. आणि तो मेल साहेबांच्या पेटीत येऊन पडला रविवारी दुपारी, माणूस जाऊन चार दिवस झाल्यावर.

आता पत्र उशिरा पोचायचंच, त्यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. पण ई-मेल काही बैलगाडीतून येत नाही.

"त्यामुळे हे कसं झालं ते तुम्हीच सांगा," चौकशी अधिकारी म्हणाले आणि त्यांनी कागद समोर सरकवला.

समोर बसली होती पोस्टमास्तरीण. पोस्टात तिने एक दिवसही नोकरी केली नव्हती. जुन्या मेल सर्व्हरवर वर्षानुवर्षं साठलेली पत्रं उपसायची, नव्या सर्व्हरला समजतील अशा रूपात बदलायची आणि तिकडे जागच्या जागी लावून द्यायची, हा तिचा धंदा. लोकांची बिऱ्हाडं हलवणारे असतात, तशी ही पत्रांची बिऱ्हाडं हलवणारी. म्हणून कुणीतरी गमतीने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. वीस वर्षांत कुणाचं एक पत्र हरवलं नाही, हा तिचा तोरा होता. तो तोरा आज सकाळी अकरा वाजता पार उतरला होता.

"नव्या सर्व्हरवर जो मेल जाईल त्याला क्रमांक मिळतो," अधिकारी म्हणाले. "आला त्या क्रमाने. बरोबर?"

"बरोबर."

"शुक्रवारी तुम्ही पहिली खेप नेली. तोवरचं सगळं. रविवारी दुसरी, मधल्या दोन दिवसांत आलेलं. मग सोमवारचा हा मेल पहिल्या खेपेत हवा होता. पण याचा क्रमांक दुसऱ्या खेपेतला आहे. याचा अर्थ शुक्रवारी तो जुन्या सर्व्हरवर नव्हताच. नंतर कुणीतरी मागची तारीख टाकून घुसवला. मिस्त्रीला वाचवायला."

तर्क चोख होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

"साहेबांच्या पेटीचा पासवर्ड तिघांकडे. खुद्द साहेब, त्यांची सेक्रेटरी आणि तुम्ही. साहेब स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेणार नाहीत. राहिल्या दोघी." त्यांनी तिचा लॅपटॉप उचलून पिशवीत घातला आणि पिशवीला सील लावलं. "पाच वाजता माझा अहवाल जाईल. मेल खोटा ठरला तर मिस्त्रीने धोका कळवलाच नव्हता, असं होईल. त्याला न्यायला पोलीस खाली येऊन बसलेत. आणि खोटा पुरावा कुणी केला त्या रकान्यात मला एक नाव लिहावं लागेल."

२

नवव्या मजल्यावरच्या त्या कार्यालयाबाहेर एक लांब बाक होतं. त्याच्या एका टोकाला मिस्त्री, दोन्ही तळहातांना पट्ट्या. दोर सुटला तेव्हा त्याने तो हातांनी धरायला पाहिलं होतं. दुसऱ्या टोकाला त्याच्या भावाची बायको. मध्ये चार माणसं आरामात बसतील एवढी जागा.

पोस्टमास्तरीण मधोमध बसली. "मिस्त्री, मेल तुम्हीच पाठवलात ना?"

"कळवलं होतं मी."

"पाठवलेल्या मेलची प्रत?"

"फोनमध्ये होती. फोन तिथेच पडला, खड्ड्यात. चुरा झाला."

सर्व्हरवरही त्याची प्रत नव्हती. त्याचा स्वस्तातला फोन पाठवलेलं स्वतःजवळच ठेवायचा, हे तिने सकाळीच पाहिलं होतं.

"एकदाच कळवलं होतंत?"

मिस्त्रीने मान वळवून भावजयीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "कळवलं होतं म्हटलं ना. सोमवारी. तेवढंच."

माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो. हा तर हातात आलेली काडीही धड धरत नव्हता. पोस्टमास्तरणीला त्याचा रागच आला. जीव हिचा टांगणीला, आणि हा उत्तरं देतोय उपकार केल्यासारखी.

ती दुसरीकडे वळली. भावजय तिशीच्या आतली असेल. डोळे कोरडे होते, रडून झाल्यावर होतात तसे.

"तुम्ही कशाला आलात इथे? घरी थांबायचं."

"कुठलं घर?" ती हळू बोलली, पण मिस्त्रीला ऐकू जाईल इतपत. "आम्ही एकत्र राहतो. भाऊजी, जाऊबाई, मी, माझं बाळ. भाऊजींनी कळवलं होतं की नव्हतं, एवढंच मला कळू दे. कळवलं असेल तर त्यांचा दोष नाही, मी त्यांच्याच घरात राहीन. नसेल कळवलं तर त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. मला बाकी काही नको बाई, खरं काय ते सांगा."

"सांगते," पोस्टमास्तरीण म्हणाली. म्हणून गेली खरी, पण कसं सांगणार, ते तिला ठाऊक नव्हतं.

३

साहेब म्हणजे या अकरा मजली इमारतीचे व्यवस्थापक. खोली मोठी, टेबल मोठं, आणि टेबलावर संगणक नाही. होते ते कागद, तीन ट्रे भरून, आणि एक लाल पेन्सिल.

"मी पडद्यावर वाचत नाही," साहेब म्हणाले. "डोळे दुखतात. बाई मेल छापतात, मी कागद वाचतो, पेन्सिलीने शेरा मारतो. बाई तसं उत्तर धाडतात. अकरा वर्षं हेच चाललंय आणि कुणाचं काही अडलेलं नाही."

बाई म्हणजे सेक्रेटरीबाई.

"आणि मिस्त्रीचा हा मेल?"

"माझ्या मुलाची शपथ घेऊन सांगतो, हा कागद माझ्यापुढे आलेला नाही." साहेबांचा आवाज चिरकला. "लोक मला खुनी म्हणतायत. जिन्यात लोक माझ्याकडे पाठ करतात. मी वाचला असता तर लिफ्ट बंद केली नसती का?"

पोस्टमास्तरणीने बरेच खोटारडे पाहिले होते. 'मला तो मेल आलाच नाही' हे जगातलं सगळ्यात जुनं खोटं, आणि तिच्या कानांना ते रोजचं. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच वाचलं नव्हतं. आणि त्याचा अर्थ, अधिकाऱ्यांचंच बरोबर होतं.

"मिस्त्री स्वतःच बंद करू शकत नव्हता का ती लिफ्ट?"

"माझ्या लेखी हुकमाशिवाय नाही. गेल्या वर्षी त्याने विचारल्याशिवाय एक बंद केली. दोन मजल्यांचे भाडेकरू माझ्या डोक्यावर येऊन बसले. मी त्याला महिनाभर घरी बसवला." साहेबांनी लाल पेन्सिल उचलली, परत ठेवली. "शिस्त लागते."

४

सेक्रेटरीबाईंना निवृत्तीला दोन महिने उरले होते. खोली लहान, एका भिंतीला छपाईयंत्र, दुसऱ्या भिंतीला छतापर्यंत कपाट, त्यात वर्षवार फायली. खुर्चीत बसून त्या दोन्ही गुडघे चोळत होत्या.

"सोमवारी सकाळी पेटी उघडली आणि मेल दिसला," त्या म्हणाल्या. "मी लगेच छापून अधिकाऱ्यांकडे नेला. लपवायचं असतं तर नेला असता का?"

"त्याआधी कधी दिसला नव्हता?"

"नाही."

"छापून झालेल्या मेलचं तुम्ही काय करता?"

"संगणकात 'छापलेले' म्हणून एक कप्पा आहे, त्यात टाकते. कागद कपाटात. मी काही फेकत नाही, पोस्टमास्तरीणबाई. या इमारतीतला एक कागद माझ्या हातून गेलेला नाही." बाई बोलता बोलता थांबल्या आणि पुन्हा गुडघ्याला हात लावला. "ही हाडं तेवढी गेली. नऊ मजले जिना म्हणजे काय खायचं काम आहे?"

पोस्टमास्तरीण निघाली. दारातून मागे पाहिलं तर बाई कपाटाकडे पाहत होत्या. नुसतं पाहत नव्हत्या, डोळ्यांनी पहारा देत होत्या म्हणा ना.

घड्याळात साडेबारा झाले होते. एकच आशा उरली होती, जुना सर्व्हर. जुन्या सर्व्हरची पद्धत खेडवळ पण प्रामाणिक: प्रत्येकाच्या पेटीची एकच लांबलचक फाईल, आणि नवा मेल आला की शेपटाला चिकटणार. सोमवारचा मेल खरा असेल तर तो सोमवारच्या शेजाऱ्यांमध्ये बसलेला सापडेल. खोटा असेल तर शेपटाला. फाईल एकदा उघडली की दूध का दूध.

ती तळघरात उतरली. सर्व्हरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत रॅक रिकामा होता.

५

"भंगारवाले आले होते की अकराला," पहारेकरी म्हणाला. "तुमच्याच कागदावर तारीख होती, मंगळवार. साहेबांची सही होती. त्यांनी इथेच डिस्कला भोकं पाडली. पत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून तसं करायचं असतं म्हणे."

करायचं असतंच. तिनेच लिहून दिलं होतं. जमिनीवर धातूचा चुरा पडला होता, आणि कोपऱ्यात नमुन्यादाखल ठेवलेली एक डिस्क, मधोमध तीन भोकं. पोस्टमास्तरीण उकिडवी बसली आणि ती डिस्क हातात घेऊन बसूनच राहिली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आता मिस्त्री जाणार, त्याच्यामागे ती जाणार. त्या पोरीला काय सांगायचं? की बाई, खरं होतं, पण आम्ही त्याला भोकं पाडली?

तिची सवय अशी की डोकं चालेनासं झालं की ती आपलंच काम पहिल्यापासून मनात करून बघायची. स्वयंपाक बिघडला की आपण मीठ कधी घातलं ते आठवतो, तसं.

शुक्रवार. यंत्राला सांगितलं, सगळी पत्रं ने. सगळी? नाही. सगळी कधीच नेत नाहीत. ज्यांच्यावर 'काढून टाकलं' अशी खूण आहे ती मागे ठेवायची, हा तिचा नेहमीचा नियम. मेलेली पत्रं नव्या घरात कशाला न्यायची?

तिचा हात थांबला.

जुन्या सर्व्हरवर मेल काढून टाकला की तो जात नाही. त्याच्यावर नुसती खूण होते आणि तो दिसेनासा होतो. फाईल साफ करायचा हुकूम दिल्यावरच तो खरा जातो, आणि या इमारतीत अकरा वर्षांत तो हुकूम कुणी दिला नव्हता. खूण असलेला मेल शुक्रवारच्या खेपेत जाणारच नाही. पण कुणी मधल्या दोन दिवसांत ती खूण पुसली, तर? रविवारी यंत्राला तो दिसेल. नवा म्हणून उचलला जाईल. आणि क्रमांक मिळेल शेवटचा.

मेल कुणी घुसवलेला नव्हता. तो आधीपासून तिथेच होता, झाकलेला, आणि कुणीतरी त्याच्यावरचं झाकण काढलं होतं.

आणि हे सिद्ध होत होतं. प्रत्येक खेपेनंतर यंत्र आपोआप यादी पाठवतं: किती नेले, किती मागे ठेवले, मागे ठेवलेल्यांची तारीख, वेळ, पाठवणारा, आणि उघडले होते की नाही. यादी लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप सीलबंद. तो उघडला तरी काय? संशयिताच्या घरचा कागद. अधिकारी हसून बाजूला टाकतील.

पण करारानुसार तीच यादी साहेबांनाही जायची. आणि साहेब पडद्यावर वाचत नसत.

ती उठली. लिफ्टची वाट न पाहता जिन्याने निघाली आणि चौथ्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा तिला दुसरी गोष्ट उमगली. आज इमारतीतल्या माणसांसाठीच्या दोन्ही लिफ्ट चालू होत्या. सकाळी सेक्रेटरीबाई त्यातूनच उतरताना तिने पाहिल्या होत्या. सगळ्या लिफ्ट तपासणीसाठी बंद होत्या त्या फक्त शनिवार-रविवार, कार्यालयाला सुट्टी असताना. मग बाई नऊ मजले चढल्या कधी?

६

"शनिवारी आला होतात तुम्ही," पोस्टमास्तरीण दारातच धापा टाकत म्हणाली. "खूण पुसायला."

सेक्रेटरीबाईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला, पण आता काय उपयोग.

"शुक्रवारची यादी छापली असेल तुम्ही. मला ती हवीय."

"नाही छापली."

"बाई, तुमच्या हातून एक कागद गेलेला नाही, तुम्हीच म्हणालात."

बाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. कागद फेकून देणं सोपं होतं. चार दिवस त्यांना तेवढंही जमलं नव्हतं. अकरा वर्षांची सवय, दुसरं काय.

यादीच्या माथ्यावर साहेबांची लाल सही होती, शुक्रवारची तारीख घातलेली. खाली मागे ठेवलेले मेल. पोस्टमास्तरीण एकाची ओळ शोधत होती. तिथे आठ होत्या.

आठही मेल मिस्त्रीचे. आठ वेगवेगळे सोमवार, सगळे सकाळी आठच्या सुमाराचे. आठही न उघडता काढून टाकलेले. शेवटची ओळ: सोमवार, आठ वाजून बारा.

तिच्याखाली लावलेल्या रविवारच्या यादीत सात होत्या, आठ वाजून बाराची नव्हती.

"आठ," पोस्टमास्तरीण खाली बसली. "न उघडता. नुसतं नाव बघून. असं आपल्या मनाने कुणी करत नाही, बाई. कुणीतरी सांगितलं म्हणूनच करतं."

सेक्रेटरीबाईंनी दुसरी फाईल काढली. त्यातला कागद नऊ आठवड्यांपूर्वीचा होता. मिस्त्रीचाच मेल, छापलेला: दोराच्या तारा सुटताहेत, बघून घ्यावं. समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'दर सोमवारी हेच रडगाणं. याचे मेल यापुढे छापू नयेत. कागद वाया.'

"छापू नका म्हणाले," बाई म्हणाल्या. "छापला नाही तर 'छापलेले'मध्ये कसा टाकू? आणि पेटीत ठेवला तर रोज डोळ्यांपुढे. म्हणून काढून टाकायचे. उघडले असते तर वाचावं लागलं असतं. वाचलं असतं तर..." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तो धाकटा मला रोज नमस्कार करून जायचा हो. बुधवारी पण केला. आणि मी सोमवारी त्याचा जीव एका बोटाने पुसून टाकला होता."

"मग एकच का परत आणलात? आठही आणायचे."

"एक मेल चुकून नजरेतून सुटला, असं म्हणता येतं. आठ मेल चुकून सुटत नाहीत. आठ दिसले असते तर कुणी काढले, हा प्रश्न आला असता. दोन महिने राहिलेत माझे. वाटलं, एकाने मिस्त्री सुटेल आणि मीही सुटेन."

पोस्टमास्तरणीला त्यांची कीव आली आणि चीडही आली. पण चिडणार कुठल्या तोंडाने? 'मेलेली पत्रं नेऊ नये' हा नियम तिचाच होता. नेली असती तर शुक्रवारीच आठही उजेडात आली असती.

"चला अधिकाऱ्यांकडे," ती म्हणाली.

"चला. मला झोप लागेल तरी," बाई म्हणाल्या आणि दोन्ही फायली छातीशी धरून उठल्या.

७

अधिकाऱ्यांनी यादी दोनदा वाचली, लाल शेरा तीनदा. मग साहेबांना बोलावून कागद पुढे धरला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"शुक्रवारची. मिस्त्रीचे आठ मेल तुमच्या पेटीत असल्याची यादी तुम्ही स्वतः सही करून ठेवलीत. लॅपटॉपची गरजच नाही."

"मी सही केली," साहेब म्हणाले. "वाचलं नव्हतं." मग त्यांनी शेऱ्याचा कागद पाहिला आणि खुर्चीचा हात धरून उभ्याउभ्या वाकले. पेन्सिल त्यांची, अक्षर त्यांचं. कागद आपल्यापुढे आला नाही, ही त्यांची शपथ खरी होती, आणि तो का आला नाही तेही त्यांच्याच अक्षरात समोर होतं.

बाहेर येताना अधिकाऱ्यांनी दार उघडंच ठेवलं. ते खुशीत होते, गुंता सुटलेल्या माणसासारखे. बाकाजवळ उभं राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "मिस्त्री, तुम्ही मोकळे. तुम्ही एकदा नाही, आठ वेळा कळवलं होतंत. त्याआधीही. दर सोमवारी, न चुकता. याहून जास्त माणसाने काय करायचं?"

पोस्टमास्तरणीने मिस्त्रीचा चेहरा पाहिला. सकाळी तिने विचारलं होतं, एकदाच कळवलं होतंत? आणि त्याने भावजयीकडे बघून मान खाली घातली होती. तुरुंगात जायला तयार होता, पण आठचा आकडा त्याने तोंडातून काढला नव्हता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली भावजय उठून उभी राहिली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने ठाऊक होतं, भाऊजी?"

मिस्त्रीची नजर हातांच्या पट्ट्यांवरून हलली नाही.

"यांना सांगितलं होतंत?"

"घाबरला असता. वर जायला नकार दिला असता, मग दोघांचीही नोकरी..." त्याने पट्ट्यांचे हात उचलले, परत मांडीवर ठेवले. "वाटायचं, या सोमवारी उत्तर येईल. हुकूम येईल."

"लिफ्टची चावी कुणाकडे असते?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली होती, तिचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा मिस्त्री बोलला.

"माझ्याकडे."

तिने मान हलवली, एखादा पत्ता नीट समजला म्हणून हलवावी तशी. आवाज चढवला नाही. "जाऊबाईंना सांगा, बाळाचे कपडे तेवढे बांधून ठेवा. माझा भाऊ येईल न्यायला."

ती जिन्याने गेली. अधिकाऱ्यांनी आत जाऊन हळूच दार लावून घेतलं.

मिस्त्रीने पोस्टमास्तरणीकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तो एकच मेल पुरला असता ना, बाई?"

"नसता पुरला," ती म्हणाली.

खरं तेच होतं, आणि त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.